दाराजवळच्या पिंपातलं पाणी

चीज मी कधी केलं नाही. ते आक्का करायची. मी सांभाळायचे.

हा फरक बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. अनगोळात आमच्या घरी कुणी आलं आणि "तुम्ही दोघी बहिणी चीज करता म्हणं?" असं विचारलं, की आक्का "व्हय, करतो की" म्हणायची आणि मी चहा ठेवायला आत जायचे. तिचं काम दीड-दोन दिवसांचं. दूध आलं की दुसऱ्या दिवशी वड्या तयार. माझं काम तिथून पुढे सुरू व्हायचं आणि महिनोन्‌महिने चालायचं. करणाऱ्याचं कौतुक होतं. सांभाळणाऱ्याकडे लोकांचं लक्ष जातं ते वस्तू बिघडली तरच. मला ते सोयीचं होतं. माझा स्वभाव मुळातच मागच्या खोलीचा.

आक्का जाऊन आता वर्ष होत आलं. तिनं केलेलं शेवटचं चीज दाराजवळच्या पिंपात होतं आणि ती गेली त्याच दिवशी ते जवळजवळ हातचं गेलं होतं. 'तुमच्या कामाविषयी लिहा' असा एका मासिकाचा निरोप आला तेव्हा मला त्या पिंपाशिवाय दुसरं काही सुचेना. पण तिथवर पोचायचं तर आधी मिठाच्या पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं.

फेटा हे ग्रीस देशाकडचं चीज. नाव सांगितलं की आपल्याकडे लोकांचा हात डोक्याकडे जातो; तो विनोद आम्ही इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे आम्हीच आधी हसून घ्यायचो. हे चीज शेळी-मेंढीच्या दुधाचं. चिकोडी-निपाणी भागात धनगरांचे कळप पुष्कळ, पण त्यांच्या दुधाला बाजारात कुणी विचारत नाही. आक्का एका डेअरीत बरीच वर्षं नोकरीला होती, तिथे हे सगळं शिकली. नोकरी सोडल्यावर तिनं घराच्या मागे शेड घातली, शेजारी एक थंड खोली बांधून घेतली. मी तेव्हा एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. माझे यजमान लवकर गेले, आक्कानं लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघी एकाच घरात राहायचो. "शाळा सुटली की जरा पिंपांकडं बघत जा गं सुमे," एवढ्या एका वाक्यावर माझी नेमणूक झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर तेच माझं पूर्ण दिवसाचं काम झालं.

दूध कोमट करून त्याला विरजण लावतात, मग एक अर्क घालून ते गोठवतात. खरवसासारखं घट्ट झालं की सुरीनं कापतात, भोकांच्या साच्यात भरून पाणी निथळू देतात. दुसऱ्या दिवशी विटेसारखे ठोकळे पाडून त्यांना मीठ चोळतात. इथपर्यंत आक्का. मग ते ठोकळे पिंपात रचायचे, ते बुडतील इतकं मिठाचं पाणी वरून ओतायचं, ठोकळे वर तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर ताटली दाबून ठेवायची आणि झाकण लावायचं. इथून पुढे मी.

मिठाचं पाणी म्हणजे मीठ आणि पाणी, असं मलाही आधी वाटायचं. शाळेत मुलांना द्रावण शिकवणारी बाई मी, तरी पहिल्या वर्षी माझं एक पिंप शेवाळल्यासारखं बुळबुळीत झालं. मग पुस्तकं काढून बसले तेव्हा उलगडा झाला. चीज आणि पाणी यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. पाण्यात मीठ कमी असलं तर चीजमधलं मीठ बाहेर येतं. चीजला आंबटपणा असतो, पाण्याला नसला तर तोही उतरतो. कॅल्शियम उतरतं, आणि चीजच्या अंगाला जो ताठपणा असतो तो त्या कॅल्शियममुळेच. ते गेलं की आधी पृष्ठभाग साबणासारखा निसरडा होतो, मग मऊ पडतो, मग विरघळून पाण्यात जातो. उलट मीठ फार झालं तर चीजचा दगड होतो. पाण्याकडे आणि चीजकडे सगळं सारखं असलं की देवाणघेवाण थांबते आणि दोघंही सुखानं नांदतात. ती वेळ आणणं आणि टिकवणं, हेच माझं काम.

म्हणून जुनं पाणी मोलाचं. चीजसोबत राहून राहून त्यात सगळं योग्य तेवढं उतरलेलं असतं. ते दिसायला गढूळ, पांढुरकं, ताकाच्या निवळीसारखं. नवखा माणूस नाक मुरडेल. मला मात्र झाकण उघडल्यावर पाणी गढूळ दिसलं की बरं वाटायचं.

आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे समजावता समजावता माझा भिडस्तपणा थोडा कमी झाला. लष्कराच्या कॅम्पात राहणाऱ्या एक सुभेदारीणबाई होत्या. साहेबांची बदली दूरदूर व्हायची, तिकडे कुठे तरी त्यांनी हे चीज खाल्लं होतं. आमच्याकडून घेऊन गेल्या आणि आठवड्याभरात परत आल्या. पिशवीतून कागदाची पुडी काढून त्यांनी टेबलावर आपटली.

"हे बघा तुमचं चीज. पिवळं पडलं, भेगा पडल्या. न्हाणीतल्या साबणाची वडी बरी ह्याच्यापेक्षा."

"पाण्यात ठेवलं नाही का?" मी विचारलं.

"कुठलं पाणी? ते घाणेरडं? ते मी पहिल्यांदा फेकलं. नळाखाली स्वच्छ धुतलं, पुसलं, कागदात गुंडाळलं. घर कसं ठेवायचं हे मला शिकवू नका बाई, आमचे साहेब बुटाच्या नाड्यासुद्धा तपासतात."

आक्का आतून बाहेर आली. "वैनी, आता साहेबास्नी म्हणावं चार दिस अंघोळीबिगर ऱ्हावा. चीजला बी तसंच ठेवायचं असतंय."

बाई एकदम हसत सुटल्या. नंतर त्याच आमच्या सर्वांत मोठ्या प्रचारक झाल्या. कॅम्पातल्या घराघरांत जाऊन त्या सांगायच्या, पाणी फेकायचं नाही, चीज पूर्ण बुडालेलं पाहिजे, हात घालायचा नाही, कोरडा चमचा वापरायचा, बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही, नाही तर भुगा होतो. पाणी सांडलंच तर उकळून गार केलेल्या पाण्यात खडेमीठ आणि चमचाभर व्हिनेगर घालून नवं करायचं. आणि खारट लागत असेल तर खायच्या आदल्या दिवशी हवा तेवढाच तुकडा साध्या पाण्यात ठेवायचा, मीठ उतरतं. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, त्याचं काम पुढे आहे.

निपाणीचे आप्पासाहेब त्याहून वेगळे. जैन घराणं, मोठं किराणा दुकान, शहरातून सुटीला येणाऱ्या मुलाबाळांच्या मागणीपायी त्यांनी दुकानात थंड कपाट घेतलेलं. माल ठेवायच्या आधी ते स्वतः अनगोळला आले. दूध गोठवायला जे घालतात ते पूर्वी वासराच्या पोटातून काढायचे हे त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. आम्ही वापरायचो ते बुरशीपासून केलेलं. आक्कानं बाटली, बिल, सगळं पुढे ठेवलं. आप्पासाहेबांनी चष्मा लावून वाचलं, समाधान झालं. मग पिंपाकडे बघून म्हणाले, "किती दिवसांचं हे?"

"पावसाळ्यातलं," मी म्हणाले.

"शिव शिव. आमच्यात आज लावलेलं दही परवा चालत न्हाय, आनि तुमी पावसाळ्यातलं दिवाळीला इकणार!"

"मग नको का ठेवू दुकानात?"

"ठेवा की. मी खाणार न्हाय, इकणार. खोटं मातर इकणार न्हाय, कसं सांभाळायचं तेवढं नीट सांगा."

त्यांनी आयुष्यात आमच्या चीजचा कण तोंडात घातला नाही आणि त्यांच्यासारखं ते कुणी सांभाळलंही नाही. दिवसभर वीज गेली की कपाटाला पोती गुंडाळून बर्फ लावायचे आणि फोन करायचे, "बाई, तुमचं लेकरू गार हाय. काळजी करू नका."

गोव्याच्या एका हॉटेलातही आमचा माल जायचा. चोर्ला घाटानं. एका पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे झाड पडून रस्ता बंद झाला आणि आमचा ड्रायव्हर बसू गाडीसकट अडकला. "आक्का, बरफ संपला," तो फोनवर रडकुंडीला आलेला.

"पिंपाचं झाकण घट्ट हाय?"

"हाय."

"मग दोरी बांध आनि वढ्यात ठेव. कणकुंबीचं पाणी फ्रिजपरास गार. आनि तिथंच बस, कोण चीज न्हेतंय का बघत."

कोण नेणार होतं? पण बसू संध्याकाळपर्यंत ओढ्याच्या काठावर छत्री घेऊन बसला. माल चांगला पोचला. बाहेर वाहतं स्वच्छ पाणी, आत गढूळ खारं पाणी, मधे प्लास्टिकची एक भिंत. ती भिंत फुटू नये एवढंच बघायचं असतं.

गेल्या वर्षी आक्काच्या पायांवर सूज यायला लागली. मूत्रपिंडांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी पहिली गोष्ट बंद केली ती मीठ. आयुष्यभर जिचे हात मिठाच्या पाण्यात होते तिच्या ताटातून मीठ गेलं. तिनं कुरकुर केली नाही. अळणी भाजी चावत एवढंच म्हणाली, "आता मी गिऱ्हाइकाला काय सांगू? मी बी आप्पासाहेबच झाले. खायचं न्हाय, इकायचं."

त्याच अवस्थेत तिनं एक दिवस दूध मागवलं. मी नको म्हणत होते. स्टुलावर बसून तिनं सगळं केलं, थकली की भिंतीला टेकायची. ठोकळे मी रचले, पाणी मी ओतलं आणि ते पिंप थंड खोलीत दाराजवळ ठेवलं, कारण आत जागा नव्हती. हे चीज मुरायला दोन-अडीच महिने लागतात. ते होण्याआधीच आक्काला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रोज डबा घेऊन जायचे. एके दिवशी तिनं विचारलं, "दाराजवळचं उघडलंस?"

"अजून न्हाय."

"उघडू नको. मी आल्यावर. साध्या पाण्यात टाकून मीठ उतरवू आनि एक तुकडा खाऊ. डॉक्टरला सांगायचं न्हाय."

ती आली नाही. एका सकाळी गेली, दुपारी तिला घरी आणलं आणि संध्याकाळच्या आत चुलतभावांनी सगळं उरकलं.

मावशी तोवर येऊन पोचली होती. आईची धाकटी बहीण, खानापूरकडच्या खेड्यात राहते, ऐंशीच्या घरातली. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत आमच्याकडे आली नव्हती. आम्ही दुधाचं काही तरी करतो एवढंच तिला ठाऊक. लहानपणी सुटीत आम्ही तिच्याकडेच असायचो. तिच्या घरात मीठ सांडलं की खैर नसे. "सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचायला लागतंय," असं सांगून तिनं आम्हाला इतकं घाबरवलं होतं, की आक्का आणि मी मिठाच्या बरणीला दोन हातांनी धरायचो. आक्का पुढे पोतंपोतंभर मीठ हाताळू लागली तेव्हा म्हणायची, "सुमे, माझ्या पापण्यांचं काय खरं न्हाय."

घरात कुणी गेलं की भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून टाकतात आणि नवं भरतात, ही रीत आमच्याकडे आहे, बहुतेकांकडे असेल. त्या दिवशी मी सुन्न बसले होते. मावशी मात्र उठली, पदर खोचला आणि कामाला लागली. हंडा, कळशी, माठ, बादल्या. एकीकडे तोंडानं रडणं चालू आणि एकीकडे हातानं काम. मला आठवतं, मी तिला मनात धन्यवाद दिले. मला ते सुचलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला येणारी माणसं जरा कमी झाली. मी उठून थंड खोलीत गेले. काही बघायला गेले नव्हते. माझी बसायची जागा तीच, एवढंच. तिथे एक लाकडी पाट ठेवलेला आहे, शाल पांघरून मी तिथे पिंपांची पाहणी करत बसते, कधी वाचतेही. पाटावर बसले आणि सवयीनं हात दाराजवळच्या पिंपाच्या झाकणाकडे गेला. उघडू नको, असं आक्का म्हणाली होती. मग वाटलं, आता कुणाची वाट बघायची? झाकण काढलं.

पाणी स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की तळ दिसत होता. ठोकळे तळाशी नीट रचून ठेवलेले, एखाद्या तळ्यातल्या पायऱ्यांसारखे.

कुणाला वाटेल, यात घाबरण्यासारखं काय. पण पिंपात पाणी गढूळच दिसायला हवं होतं. बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं पाणी, जेमतेम खारट. ठोकळ्यावर हात ठेवला तर तो हातातून सटकला, ओल्या साबणासारखा.

बाकीची झाकणं भराभर काढली. सगळीकडे गढूळ. फक्त हे एकच पिंप.

मी बाहेर आले. मावशी मागच्या पायरीवर बसली होती. काल संध्याकाळपासून ती सारखं पापण्यांवरून बोट फिरवत होती. मला वाटलं होतं रडून डोळे चुरचुरत असतील.

"मावशी, आतल्या पिंपातलं पाणी तू ओतलंस?"

ती माझ्याकडे बघेना. "गार खोली बघितली. म्हटलं प्यायचं पाणी गार ऱ्हावं म्हणून केलीया पोरींनी. बडी माणसं तुमी. झाकण काढलं तर पाणी नासल्यालं, पांढरं. तांब्यातांब्यानं मोरीत ओतलं. आत दगड निघालं."

"दगड न्हवं मावशी, चीज."

"मला काय ठावं गं. म्हटलं पोरींनी पाणी निवळाय घातल्यात. धुवाय हात घातला तर भेगांत झोंबलं. चाटून बघितलं." तिचा आवाज बारीक झाला. "मीठ! अख्खं पिंपभर मीठ मी मोरीत घातलं, सुमे. दुसऱ्या पिंपाला हात लावला न्हाय मी. दगड उघडं पडू नयेत म्हणून नळाचं पाणी भरलं आनि झाकण लावलं. ते बी मड्याच्या दिवशी. आता ह्या म्हातारपणी किती जन्म वेचत बसू मी?"

मला एकदम काय झालं कळलं नाही. रडू येत होतं आणि हसूही. आक्का असती तर म्हणाली असती, मावशीला सांग, माझ्या शेजारी बस, दोघी मिळून वेचू.

"मावशी, हे आक्कानं केलेलं शेवटचं," मी म्हणाले. "लगेच काही केलं तर कदाचित वाचेल."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "पर सुतकात? लोणच्याच्या बरणीला बी हात लावत न्हाईत."

"न्हाय लावत."

तिनं पदरानं पापण्या पुसल्या. "तू लाव. देवानं इचारलं तर माझं नाव सांग. न्हाय तरी माझ्या नावावर तिथं मिठाची थकबाकी हायच."

नुसतं मीठ-पाणी करून ओतलं असतं तर चीज आणखी बुळबुळीत झालं असतं, हे मला माझ्या पहिल्या वर्षानं शिकवलं होतं. जुनं गढूळ पाणी हवं होतं आणि ते होतं. मावशीच्या हाताला भेगा होत्या, तिनं बोट चाटलं आणि ती घाबरली, म्हणून बाकीची पिंपं शाबूत होती. त्या प्रत्येकातून मी थोडं थोडं पाणी काढलं, तिथले ठोकळे उघडे पडणार नाहीत इतपतच. ते पुरणार नव्हतं. उरलेलं नवं करायला पाणी उकळत ठेवलं. सुतकात चूल पेटवायची नाही, जेवण शेजारून येत होतं. पण शेडमधल्या शेगडीला मावशीनं चूल मानलं नाही. "ते कारखान्याचं," म्हणाली.

पाणी गार झाल्यावर मी मिठाचं पोतं उघडलं. मावशीनं माझा हात धरला.

"मीठ मी घालते."

ती पाटावर बसली आणि ओंजळीओंजळीनं खडेमीठ त्या पाण्यात सोडू लागली. एक खडा बाहेर पडला की वाकून उचलायची. मी लाकडी डावानं ढवळत होते. आक्काची एक पद्धत होती, पाण्यात बटाटा टाकायची. बटाटा तळ सोडून वर यायला लागला की मीठ झालं. माझ्याकडे मोजायची साधनं आहेत, तरी त्या दिवशी मी बटाटाच टाकला. तो बराच वेळ तळाशी पडून राहिला. मावशी त्याच्याकडे टक लावून होती.

"येत न्हाय गं वर."

"अजून घाल."

आणखी काही ओंजळी. बटाटा हलला, कलला आणि संथपणे वर आला. मावशीनं चक्क हात जोडले. मग मी त्यात व्हिनेगर घातलं, कॅल्शियमची पूड विरघळवली, आंबटपणा मोजायचा कागद बुडवून जुन्या पाण्याच्या रंगाशी ताडून पाहिला आणि दोन्ही पाणी एकत्र केली. गोडं पाणी काढून टाकलं. ठोकळ्यांच्या अंगावरचा निसरडा थर सुरीनं अलगद खरवडला, आणि एकेक ठोकळा परत रचला. ताटली दाबली, झाकण लावलं.

आता वाट बघणं. एवढंच काम मला येतं.

त्या दिवसांत घरी माणसं येत होती, आक्काविषयी चांगलं बोलत होती. सुभेदारीणबाई आल्या, आप्पासाहेब आले. मी मान हलवत होते. अर्धं लक्ष मागच्या खोलीत. याची लाज वाटायची. मग वाटायचं, आक्काचंही अर्धं लक्ष तिथेच असतं. मावशी रोज सकाळी विचारायची, "कसं हाय?" शेजारच्या बायकांना वाटायचं ती माझ्या प्रकृतीची चौकशी करते आहे. "तसंच आहे," मी सांगायचे. निसरडेपणा वाढला नव्हता, पण अंग मऊच होतं. दाबलं तर बोटाचा ठसा उमटायचा.

दहाव्याच्या सकाळी मी हात धुऊन, पुसून एक ठोकळा दाबून पाहिला. ठसा उमटला नाही. सुरीनं कापला. आत पांढराशुभ्र, घट्ट, बारीक छिद्रांचा, कडा धारदार. वास स्वच्छ, किंचित आंबट. मी तिथेच पाटावर बसले. किती तरी दिवसांनी मला पूर्ण श्वास घेता आला. आक्का गेली हे त्या क्षणापर्यंत मला नीट कळलं नव्हतं. ते चीज वाचलं, आणि मग मी तिच्यासाठी मोकळेपणानं रडले.

त्यातला एक तुकडा मी साध्या पाण्यात टाकला. आम्ही ठरवलं होतं तसा. मीठ उतरलं की तो आक्काच्या पानावर ठेवायचा होता. दुसऱ्या दिवशी ठेवला, आणि उरलेला मावशीच्या हातावर दिला. तिनं संशयानं वास घेतला, कोपरा तोडला, चघळला.

"हे खात्यात व्हय लोक?"

"गोव्याच्या हॉटेलात."

"बरं लागतंय की. भाकरीसंगं चालंल." आणखी एक कोपरा तोडला. "मीठ कमी हाय."

"तुझ्याचमुळं," मी म्हणाले, आणि मावशी त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

तेरावं झाल्यावर ती गावी निघाली. मी तिला त्या पिंपातला एक ठोकळा स्टीलच्या डब्यात घालून दिला, बुडेल एवढं गढूळ पाणी ओतून, आणि सुभेदारीणबाईंना सांगते तेच सगळं सांगितलं. चुलतभावानं तिला मोटारीनं सोडतो म्हटलं, पण तिला बसच हवी होती. पिशवीत ठेव म्हटलं तर ऐकेना. खिडकीशी बसली आणि डबा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला, आम्ही लहानपणी मिठाची बरणी धरायचो तसा. बस हलली तरी तिची नजर बाहेर माझ्याकडे नव्हती, झाकणाकडे होती.

घरी येऊन मी बसूला फोन केला, गोव्याचा माल कधी न्यायचा ते ठरवलं. दाराजवळच्या पिंपातला मात्र पाठवायचा नाही, हेही ठरवलं. मग थंड खोलीत जाऊन पाटावर बसले. संध्याकाळी फोन वाजला. मावशीच्या सुनेनं लावून दिला असणार, पण बोलली मावशीच.

"पोचले गं," ती म्हणाली. "एक थेंब सांडला न्हाय."